रोज ग्रीन टी घेतल्याने शरीराला नेमके काय मिळते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 46 वर्षे. गेले सहा महिने दिवसाला तीन कप ग्रीन टी सुरू आहे, त्यातला पहिला सकाळी अनशापोटी, दुसरा दुपारच्या जेवणासोबत आणि तिसरा रात्री जेवण झाल्यावर. वजन हललेले नाही, सकाळी मळमळते, रात्री झोप उशिरा लागते आणि हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे लोहाची गोळी चालू आहे. आता कोणीतरी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. हृदय, साखर, कर्करोग यांबाबत या चहाचे जे गुण सांगितले जातात त्यांत तथ्य किती, कॅप्सूल घ्याव्यात का, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आपल्या आईंना हा चहा चालेल का, असे आपण विचारले आहे.

आहारोपचाराच्या कामात मला 20 वर्षांहून अधिक काळ झाला आहे आणि हा प्रश्न या ना त्या रूपात जवळजवळ दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. माझे उत्तर असे, की फायदा आहे. पण तो लहान आहे, वर्षानुवर्षांच्या सवयीतून मिळणारा आहे आणि तो कपातल्या चहाचा आहे, कॅप्सूलचा नाही. आपल्याला जाणवणारा त्रास चहाच्या गुणदोषांपेक्षा तो घेण्याच्या वेळांमुळे होत असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

ग्रीन टी, काळा चहा आणि ऊलाँग हे तिन्ही एकाच झाडाच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. काळ्या चहासाठी पाने चुरगाळून हवेत ठेवली जातात, तेव्हा पानातल्याच एका एन्झाइममुळे त्यातील कॅटेचिन नावाची द्रव्ये ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि पान काळपट-तांबूस होते. ग्रीन टीसाठी मात्र पाने खुडल्यावर लवकरच तापवली जातात, जपानमध्ये बहुधा वाफेवर आणि चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत. त्या उष्णतेने एन्झाइम निकामी होते, त्यामुळे पान हिरवे राहते आणि कॅटेचिन बऱ्याच अंशी मूळ रूपात टिकून राहतात. जिभेला जो तुरटपणा जाणवतो तो मुख्यतः यांचाच. हे कॅटेचिन चहातून वेगळे काढण्याचे काम मिचियो त्सुजिमुरा या जपानी रसायनशास्त्रज्ञ महिलेने 1929 मध्ये केले. ज्या काळात प्रयोगशाळांची दारे स्त्रियांना सहजासहजी उघडत नव्हती, त्या काळात चहाच्या रसायनशास्त्राचा पाया तिने घातला, म्हणून तिचे नाव येथे आवर्जून घेतो.

या कॅटेचिनांपैकी सर्वाधिक प्रमाणात असणाऱ्याचे संक्षिप्त नाव ईजीसीजी असे आहे. साधारण 240 मिलिलिटरच्या कपात ते बहुधा 50 ते 100 मिलिग्रॅम उतरते; पानांचा दर्जा, पाण्याची उष्णता आणि चहा किती वेळ मुरला यांवर हा आकडा बराच खालीवर होतो. त्याच कपात 30 ते 50 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असते, म्हणजे तेवढ्याच कॉफीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. तिसरे द्रव्य थिॲनिन. हे अमिनो आम्ल निसर्गात मुख्यतः चहाच्या झाडातच सापडते आणि चहाला येणारी सौम्य, किंचित गोडसर चव काही अंशी त्याच्यामुळे असते.

प्रयोगशाळेत पेशींवर थेट ईजीसीजी सोडले, की ते पुष्कळ काही करून दाखवते. दाह कमी होतो, कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते, जीवाणू मरतात. वृत्तपत्रांत येणारे बहुतेक मथळे अशा प्रयोगांतून निघालेले असतात. परंतु आपण चहा पितो तेव्हा त्यातील कॅटेचिनांचा अगदी थोडा भाग आतड्यांतून रक्तात मूळ रूपात पोहोचतो. तासा-दोन तासांत त्याची रक्तातील पातळी शिखर गाठते आणि मग उतरू लागते. उरलेला मोठा भाग मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या हाती जातो आणि ते त्याचे वेगळ्याच संयुगांत रूपांतर करतात. त्यामुळे परीक्षानळीत पेशींना मिळालेली मात्रा आणि चहा पिणाऱ्याच्या रक्तातली मात्रा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. म्हणून माणसांवर झालेल्या अभ्यासांत जे दिसले, तेवढ्यावरच मी माझा सल्ला बेततो.

अशा अभ्यासांत मला सर्वांत वजनदार वाटतो तो ईशान्य जपानमधील ओसाकी भागातला, ज्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. 40 ते 79 या वयोगटातील 40,530 प्रौढ व्यक्ती त्यात होत्या, सुरुवातीला त्यांपैकी कोणालाही पक्षाघात, हृदयधमन्यांचा आजार किंवा कर्करोग झालेला नव्हता, आणि त्यांच्यावर 11 वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले. दिवसाला एक कपाहून कमी ग्रीन टी घेणाऱ्यांच्या तुलनेत पाच किंवा अधिक कप घेणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू स्त्रियांत 23 टक्क्यांनी आणि पुरुषांत 12 टक्क्यांनी कमी आढळले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत ही घट आणखी ठळक होती आणि त्यातही पक्षाघाताच्या बाबतीत ती सर्वाधिक स्पष्ट दिसली. मात्र कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये कोणताही फरक आढळला नाही.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेथील कप लहान, सुमारे 100 मिलिलिटरचा असतो; म्हणजे त्यांचे पाच कप आपल्या दोन-सव्वादोन कपांएवढेच होतात. दुसरे असे, की हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. अधिक चहा पिणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी राहत असू शकतात. संशोधकांनी धूम्रपान, वय, वजन अशा गोष्टींचा हिशेब मांडलेला असला तरी जगण्यातले सगळे काही आकडेमोडीत पकडता येत नाही. मी म्हणून असे म्हणतो, की हृदयासाठी ग्रीन टी उपकारक असण्याची शक्यता चांगली आहे. त्याने पक्षाघात टळतो असे मी कोणत्याही रुग्णाला सांगत नाही.

ज्या चाचण्यांत लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एका गटाला चहा किंवा त्याचा अर्क दिला गेला, त्यांतून याला थोडा आधार मिळतो. अशा 14 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, दर 100 मिलिलिटर रक्तामागे सरासरी 2 मिलिग्रॅमच्या आसपास उतरलेले दिसले. चांगल्या कोलेस्टेरॉलमध्ये फरक नव्हता. वरचा रक्तदाबही साधारण 2 अंकांनी कमी झालेला आढळतो. ज्यांचे एलडीएल 170 आहे त्यांना या 2 मिलिग्रॅमने काय होणार, असे आपण विचाराल, आणि ते योग्यच आहे. एका माणसाच्या तपासणीच्या कागदावर हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणूनच कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून ग्रीन टी सुरू केल्याचे कोणी सांगितले, की मला काळजी वाटते. गोळीने उतरणारे एलडीएल याच्या कित्येक पट असते, आणि हा बदल करणाऱ्याला पुढची तपासणी होईपर्यंत आपण काय गमावले याचा पत्ताही नसतो.

रक्तातील साखरेबाबतही चित्र असेच आहे. उपाशीपोटीच्या साखरेत चाचण्यांमध्ये सरासरी दीड मिलिग्रॅमच्या घरात घट दिसते. मधुमेहावरचा उपचार म्हणून तिचा विचार करता येत नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण आपली मुख्य अपेक्षा तीच होती. कॅफिन आणि कॅटेचिन मिळून शरीरातील ऊर्जेचा खर्च थोडा वाढवतात हे खरे आहे; चरबी वापरण्याची चालना देणारे नॉरॲड्रेनालिन हे द्रव्य ज्या एन्झाइममुळे शरीरात मोडले जाते, त्या एन्झाइमला ईजीसीजी अडवते असे त्यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. पण लठ्ठ व्यक्तींवरील चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या संस्थेने 2012 मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की वजनातली घट फारच किरकोळ होती आणि वैद्यकीयदृष्ट्या तिला महत्त्व देता येण्यासारखे नव्हते. सहा महिन्यांत आपले वजन हलले नाही यात आपले काही चुकलेले नाही. हा चहा वजन उतरवतो असे ज्यांनी सांगितले, त्यांनीच चुकीचे सांगितले.

तरीही ग्रीन टी सुरू केल्यावर काहींचे वजन उतरते हे मी पाहिले आहे, आणि त्याचे कारण विचारपूस केल्यावर कळते. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेले पेय घेणारी व्यक्ती जेव्हा ते सोडून बिनसाखरेचा ग्रीन टी घेऊ लागते, तेव्हा रोजची आठ चमचे साखर तिच्या आहारातून जाते. एका चमच्यात 4 ग्रॅम साखर धरली तर हे 32 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 130 कॅलरी झाल्या. महिनोन्महिने रोज एवढी बचत झाली, तर काट्यावर ती दिसू लागते. चहाने काय काढून टाकले, हे माझ्या मते चहात काय आहे याइतकेच महत्त्वाचे आहे. ग्रीन टीत दोन चमचे मध घालून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा अवश्य करावा. बाटलीबंद तयार ग्रीन टीबाबतही हेच. त्यात कॅटेचिन बहुधा थोडे आणि साखर पुष्कळदा भरपूर असते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय तो घेऊ नये.

कर्करोगाबद्दल मी स्पष्टच लिहितो. कोक्रेनने 2020 मध्ये 142 अभ्यास तपासले, ज्यांत मिळून 11 लाख लोक होते, आणि ग्रीन टीने कर्करोगाचा धोका कमी होतो याचा सुसंगत पुरावा त्यांतून निघाला नाही. काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. उपचार चालू असणाऱ्या रुग्णांना तर मी अधिकच सावध करतो. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधाला ईजीसीजी रासायनिकरीत्या बांधून ठेवते आणि त्याचा परिणाम घटवू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. चांगल्या हेतूने नातेवाइकांनी आणून दिलेला अर्क अशा वेळी घात करू शकतो. कॅटेचिनांचा प्रत्यक्ष औषध म्हणून उपयोग होतो, पण तो वेगळ्याच ठिकाणी: ग्रीन टीच्या अर्कापासून केलेल्या एका मलमाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2006 मध्ये गुप्तांगावरील विषाणूजन्य चामखिळींसाठी मान्यता दिली. तेथे ते त्वचेवर थेट आणि मोठ्या मात्रेत लावले जाते, पोटातून घेतले जात नाही.

मनाला येणारी तरतरी ही मात्र बहुतेकांना त्याच दिवशी जाणवते. कॅफिन आणि थिॲनिन एकत्र मिळाल्यावर लक्ष टिकून राहते आणि कॉफीनंतर काहींना होते तशी धडधड कमी होते, असे लहान-लहान चाचण्यांत आढळले आहे. तोंडाच्या आरोग्यालाही थोडी मदत होते. दात किडवणाऱ्या जीवाणूंना कॅटेचिन आवर घालतात आणि चहाच्या पानात फ्लोराइडही असते. हे फ्लोराइड जुन्या, जून पानांत अधिक साठते, म्हणून कोवळ्या पानांचा चहा बरा.

आता कॅप्सूल. हा भाग कृपया सावकाश वाचावा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार, पाण्यात केलेल्या चहातून प्रौढांना रोज सरासरी 90 ते 300 मिलिग्रॅम ईजीसीजी मिळते आणि ते सामान्यतः सुरक्षित आहे. मात्र पूरक गोळ्यांमधून रोज 800 मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याचे दर्शवणारी एन्झाइम रक्तात वाढतात. त्यानंतर युरोपीय संघाने 2022 मध्ये दिवसाची मात्रा 800 मिलिग्रॅमच्या खालीच ठेवण्याचे आणि ती रिकाम्या पोटी घेऊ नये अशी सूचना लेबलवर छापण्याचे बंधन घातले. अमेरिकेत मिनेसोटा येथे रजोनिवृत्तीनंतरच्या हजाराहून अधिक स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना रोज सुमारे 840 मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क दिला होता. त्यांच्यातील 5 टक्क्यांच्या आसपास स्त्रियांच्या यकृताच्या तपासण्या लक्षणीय बिघडल्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी होते. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांना हा धोका अधिक असतो असेही पुढे दिसून आले, पण आपण त्यांपैकी आहोत का हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

एक तरुणी माझ्याकडे आली होती ती थकवा आणि अन्नावरची वासना गेल्याची तक्रार घेऊन. वजन उतरवण्यासाठी ती उपास करत होती आणि उपाशीपोटी रोज अर्काच्या दोन कॅप्सूल घेत होती. खिडकीजवळच्या उजेडात मी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तर पांढरा भाग पिवळसर दिसत होता. लघवी गडद होते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "हो, पण पाणी कमी पडत असेल असं वाटलं." त्याच दिवशी तिला यकृतरोगतज्ज्ञांकडे पाठवले. काविळीची इतर कारणे तपासून बाजूला केल्यावर कॅप्सूलच कारणीभूत असल्याचा त्यांचा निष्कर्ष निघाला. कॅप्सूल थांबवल्यावर सगळे पूर्वपदावर यायला तीन महिने लागले. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे, या समजुतीपोटी तिने लक्षणांकडे पंधरा दिवस दुर्लक्ष केले होते. आपण या कॅप्सूल घेऊ नयेत, हे माझे निःसंदिग्ध मत आहे.

आपल्या हिमोग्लोबिनचा आणि चहाचा संबंध अगदी थेट असू शकतो. कॅटेचिन आणि त्यांच्यासारखी इतर द्रव्ये वनस्पतिजन्य अन्नातील लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात शिरत नाही. लोहाच्या गोळीचेही तसेच. आपण दुपारचा कप जेवणासोबत आणि रात्रीचा जेवण झाल्यावर घेता, म्हणजे दिवसातील दोन्ही मुख्य जेवणांतले लोह अडवले जात आहे. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवल्यास हा परिणाम बराच कमी होतो, आणि गोळीच्या बाबतीत मी दोन तास सांगतो. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, कारण क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते. मात्र हिमोग्लोबिन मुळात का उतरले, पाळीत रक्तस्राव अधिक होतो का, पचनमार्गातून रक्त जाते का, याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. या वयात सगळा दोष चहावर टाकून थांबणे बरोबर नाही.

सकाळची मळमळ अनशापोटी घेतलेल्या कपाची असावी. तुरट द्रव्ये आणि कॅफिन रिकाम्या जठराला झोंबतात. काहीतरी खाऊन तासाभराने घेतलेला तोच चहा बहुतेकांना त्रास देत नाही. झोपेचे उत्तरही सोपे आहे. शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून अधिक. तेव्हा शेवटचा कप दुपारी चारच्या आत व्हावा. निरोगी प्रौढाने दिवसभरात सर्व मिळून 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतीने 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेतलेले चालते, असे मानले जाते. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत मी ग्रीन टी दिवसाला एका कपावरच ठेवायला सांगतो, कारण फॉलिक आम्लाच्या कार्यात कॅटेचिन अडथळा आणू शकतात.

करण्याची पद्धतही येथे सांगतो, कारण कडू लागतो म्हणून साखर घालणारे पुष्कळजण तो चुकीच्या रीतीने करत असतात. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करावा, चार-पाच मिनिटे ते तसेच राहू द्यावे आणि मग सपाट चमचाभर पानांवर कपभर ओतावे. आकसलेली पाने हळूहळू उलगडत तळाशी बसतात आणि पाण्याला फिकट पोपटी रंग चढतो. दोन ते तीन मिनिटांनी गाळावा. रंग गडद पिवळा-तपकिरी झाला असेल, तर पाणी फार गरम होते किंवा चहा जास्त मुरला. पाने पाण्यात खळाखळा उकळली तर कॅटेचिन अधिक उतरतात हे खरे, पण कॅफिन आणि कडवटपणाही तितकाच उतरतो आणि मग तो रोज पिणे होत नाही. थोडे लिंबू पिळल्यास कॅटेचिन आतड्यात अधिक टिकतात, असे प्रयोगशाळेतील पचनाच्या प्रयोगांत दिसले आहे. आणि तो वाफाळता घोटू नये. 65 अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये नमूद केले आहे. कप हातात धरवतो आणि फुंकर न घालता घोट घेता येतो, इतपत तो निवू द्यावा.

आपल्यासाठी म्हणून सांगायचे तर न्याहारीनंतर तासाभराने एक आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास एक, असे दोन कप, बिनसाखरेचे. आठ-दहा दिवसांत मळमळ आणि झोप यांत फरक पडायला हवा. न पडल्यास दोन आठवडे चहा पूर्ण थांबवून पाहावे आणि तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

आईंच्या बाबतीत मात्र त्यांच्या गोळीचे नाव पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांना दिवसाच्या एक-दोन कपांनी बाधा येत नाही, पण नॅडोलॉल या औषधाचे आतड्यातून होणारे शोषण ग्रीन टीमुळे फार मोठ्या प्रमाणात घटते, इतके की गोळीचा रक्तदाबावरील परिणाम कमी होतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल, तर रोजच्या चहाचे प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये आणि जे काही सुरू कराल ते डॉक्टरांना कळवून पुढची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, वेळेवर करावी. थायरॉइडची गोळी असेल तर ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा त्यानंतर तासाभराने. त्यांच्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि ग्रीन टी सुरू करायचा आहे हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.